तिसऱ्या भागातला गोलकीपर

ओरिसिया : बासष्ट नव्हे, एकसष्ट. एकोणीसशे एकसष्ट, मार्च संपत आला होता. माझा भाऊ गेला ते साल तू मला सांगू नकोस, प्रोकोप.

प्रोकोप : बरं बाई, एकसष्ट. हे बघ, खोडलं. उद्या सगळ्या गावासमोर माइकवर बोलायचंय, म्हणून तर आधी तुला वाचून दाखवायला आलो.

ओरिसिया : वाचून दाखवायला आलास, की पिरोहीचा वास आला म्हणून आलास?

प्रोकोप : दोन्ही. तू लाटत राहा, मी वाचत राहतो. आत सारण बटाट्याचंच ना? आणि आपले मानकरी कुठेत? उद्या बर्फाच्या रिंकच्या छताला मानाची जर्सी चढायचीय त्याची, जरा दाढीबिढी करायला सांग.

ओरिसिया : मागे लाकडं फोडतोय. जर्सीचा विषय काढला की उठतो आणि कुऱ्हाड घेतो. एवढं जळण झालंय की मी मेले तरी चूल पेटती राहील.

प्रोकोप : येणार ना पण तो?

ओरिसिया : नाही म्हणतो. का ते सांगत नाही. चाळीस वर्षं संसार केला, पण गोलीच्या पोटात काय असतं ते कुणाला कळलंय?

प्रोकोप : लाजतो मेला. मोठ्या संघात अकरा हिवाळे गोल राखला, आणि गावच्या रिंकमध्ये चार टाळ्या घ्यायला लाजतो. तू ऐक, हे ऐकून तोच धावत येईल. 'मंडळी, हॉकीचा अंतिम सामना होता. दुसरा भाग संपता संपता तो टणक रबरी पक सणसणत आला आणि नेस्टरच्या गालावर बसला. तेव्हा गोलकीपरच्या तोंडाला मुखवटा नसायचा. डोळ्याखालपासून ओठापर्यंत गाल उघडला. रिंकसमोर डॉक्टरांचं घर, तिथे त्याला उचलून नेला. गोली शिवून परत येईपर्यंत खेळ थांबायचा, अशी तेव्हाची रीत.'

ओरिसिया : राखीव गोली असायचा की. माझा भाऊ यूर्को कोण होता मग?

प्रोकोप : असायचा. लोकांत बसायचा, पायाशी सामान ठेवून, आज तरी बोलावतील म्हणून. पाच हिवाळे बसला बिचारा. पण त्या दिवशी तो आला नव्हता ना, कूमा; माझ्या लेकीची धर्ममाता तू, तुझ्यापाशी काय लपवू. आम्ही चिडलो होतो, पोरगा तळ्याच्या पलीकडच्या काठावर घरी झोपून राहिला म्हणून. आम्हाला काय माहीत. सकाळी कळलं.

ओरिसिया : वाच पुढे.

प्रोकोप : वाचू ना? तू रडत नाहीस ना?

ओरिसिया : कांदा चिरतेय. वाच.

प्रोकोप : 'आणि मग, मंडळी, दार उघडलं! तोंडाला पट्ट्या, नुसते डोळे दिसताहेत, असा आपला नेस्टर आत आला आणि तिसरा भाग खेळला. असा तिसरा भाग ह्या गावानं पुन्हा पाहिला नाही. मोठ्या संघाचा माणूस वर बसला होता, त्यानं तिथल्या तिथे...' काय झालं? हात का थांबले?

ओरिसिया : कोण आत आला?

प्रोकोप : नेस्टर. तुझा नवरा. उंच, कान बाहेर आलेले.

ओरिसिया : कुठे आत आला?

प्रोकोप : रिंकवर, कूमा! आमच्या कपडे बदलायच्या खोलीत. तिथून बर्फावर.

ओरिसिया : चुकतंय तुझं. नेस्टर डॉक्टरांच्या टेबलावर होता.

प्रोकोप : होताच. टाके घातले आणि आला.

ओरिसिया : आला नाही. मी तिथे कामाला होते, विसरलास? भांडं मी धरलं होतं. तो शुद्धीवर यायला बघत होता, तसं डॉक्टरांनी आणखी एक सुई टोचली, आणि त्यांना खाणीच्या वसाहतीतून बाळंतपणाचं बोलावणं आलं. मला म्हणाले, ह्याच्याजवळून हलू नकोस. मी हलले नाही. त्याचे पॅड मीच सोडवले, रक्तानं कडक झालेले पट्टे दातांनी ओढून. खिडकीतून रिंकचा गलका ऐकू येत होता आणि हा घोरत होता.

प्रोकोप : मग आम्ही सगळे मिरवत आलो तेव्हा?

ओरिसिया : तेव्हाच जागा झाला. तुम्ही आरडत होतात, 'काय खेळलास, काय खेळलास.' मला वाटलं, पहिल्या दोन भागांचं बोलताय.

प्रोकोप : आणि चाळीस वर्षांत तू कुणाला विचारलं नाहीस?

ओरिसिया : काय विचारू? सकाळी यूर्कोची बातमी आली. ज्या घरातून तरणा मुलगा गेला, तिथे सामना कोण जिंकलं हे कोण विचारतं? आमच्या घरात पुन्हा हॉकीचा ह काढला नाही कुणी. रेडिओ लागला तर आई उठून जायची.

प्रोकोप : थांब. थांब जरा. मला एक पेला पाणी दे. तू म्हणतेस ते खरं असेल, तर माझ्या मागे गोलात कोण उभं होतं?

ओरिसिया : तू सांग. तू होतास तिथे.

प्रोकोप : मी बचावाचा गडी. माझं तोंड पुढे, गोली माझ्या पाठीशी. आणि टाके घातलेल्या गोलीशी कुणी बोलत नसतं, ओरिसिया. ती आमची रीत. त्याच्याकडे बघायचं नाही, विचारायचं नाही, नाहीतर हात कापायला लागतो त्याचा. तो आला, कोपऱ्यात बसला. कोच म्हणाला, जमेल? त्यानं मान हलवली. आम्ही सगळे आपापल्या बुटांकडे बघत होतो.

ओरिसिया : बोलला नाही?

प्रोकोप : एक शब्द नाही. आता तू म्हणतेस तर... नेस्टर एरवी गोलात आईबापाचा उद्धार करायचा. 'प्रोकोप, डावीकडे, रेड्या! प्रोकोप, झोपलास का!' त्या दिवशी पाठीमागे अशी शांतता की मी दोनदा वळून पाहिलं, आहे ना म्हणून. होता. आणि त्याच्या पायाखाली पाणी होतं.

ओरिसिया : पाणी?

प्रोकोप : गोलासमोर, बर्फावर. साचलेलं. मला वाटलं मार्च आहे, रिंक पाझरतंय. पण बाकी बर्फ टणक होता. आणि वास येत होता. तळ्याच्या तळाशी जे शेवाळ असतं ना, पायात येतं, तो वास.

ओरिसिया : दार लाव. कोण आलं? थंडी आत येतेय.

नेस्टर : मीच. चूल विझायला आलीय तुमची. दोघांचे चेहरे असे का?

प्रोकोप : नेस्टर, बस. बायको म्हणतेय, तू तिसरा भाग खेळलाच नाहीस.

नेस्टर : खरं म्हणतेय.

प्रोकोप : अरे, काय खरं म्हणतेय? तुझी कारकीर्द त्या वीस मिनिटांवर उभी आहे!

नेस्टर : म्हणून तर येत नाही म्हणतोय. मी त्याच दिवशी सांगितलं होतं. मोठ्या संघाचा तो माणूस खाटेशी आला, टोपी काढून. मी म्हटलं, साहेब, तो मी नव्हतो. सगळे हसले. तू सगळ्यात मोठ्यानं हसलास, प्रोकोप. म्हणालास, डोक्याला मार लागलाय.

प्रोकोप : मग सगळ्यांना तसंच वाटलं!

नेस्टर : पुन्हा सांगितलं. पुन्हा हसले. मग सोडून दिलं.

ओरिसिया : कोण होता तो, नेस्टर?

नेस्टर : तुला सांगायचं नव्हतं.

ओरिसिया : आता सांग.

नेस्टर : यूर्को. दुसरा कोण? राखीव तोच. उशिरा पोचला असेल, मला नेताना पाहिलं असेल. पट्ट्या बांधून आत गेला, म्हणजे त्याला कुणी हाकलणार नाही, मीच समजतील. खेळला. पॅड कोपऱ्यात टाकले आणि आनंदात गाडी घेऊन घरी निघाला. अंधारात. गोठलेल्या तळ्यावरून. माझ्या जागी खेळायला थांबला नसता तर उजेडात परत गेला असता. एवढ्यासाठी बोललो नाही. तुझ्यासमोर बसून रोज जेवायचं होतं मला.

ओरिसिया : इतकी वर्षं तू हे धरून बसलास?

नेस्टर : हो.

ओरिसिया : अरे वेड्या माणसा. तो परत जाताना बुडाला नाही.

नेस्टर : म्हणजे?

ओरिसिया : तुम्ही कुणी आमच्या काठावर आलातच नाही. तू दोन दिवसांत आगगाडीत बसलास. येताना बुडाला तो. दिवस होता. सामना सुरूसुद्धा झाला नव्हता. वडील तळ्यावरच्या मासे धरायच्या झोपडीत बसले होते, त्यांच्या डोळ्यांसमोर बर्फ फुटून गाडी खाली गेली. ओरडत राहिले, 'काच खाली कर, दार उघडं ठेव!' बर्फावर गाडी घातली की काच खाली असायला पाहिजे, बुडाली तर बाहेर पडता यावं म्हणून, हे आमच्याकडे तान्ह्या पोरालाही ठाऊक. पण यूर्कोनं काचा घट्ट लावल्या होत्या. हीटर चालू ठेवला होता.

प्रोकोप : का?

ओरिसिया : पॅडसाठी. शेजारच्या सीटवर ठेवले होते त्यानं. गारठले तर चामडं कडक होतं, आणि आज अंतिम सामना, आज बोलावतील. निघताना आईला म्हणाला होता.

नेस्टर : येताना. तुझी खात्री आहे?

ओरिसिया : त्या काठावरच्या चार घरची माणसं लांब काठ्या घेऊन काळोख पडेपर्यंत बर्फावर शोधत होती. फोन कुणाकडे होता? माणूस काठाकाठानं चालत सकाळी गावात पोचला. आणि दोन दिवसांनी गाडी वर काढली तेव्हा मी होते तिथे. यूर्को स्टिअरिंगशी. काचा वर. शेजारची सीट रिकामी.

प्रोकोप : रिकामी कशी?

ओरिसिया : तेच वडील मरेपर्यंत विचारत होते. दारं बंद, काचा बंद. पॅड गेले कुठे?

प्रोकोप : कूमा, मला बरं वाटत नाहीये.

ओरिसिया : खाली बघ आणि श्वास घे. नेस्टर, तू आता म्हणालास, पॅड कोपऱ्यात टाकले. कुठल्या कोपऱ्यात?

नेस्टर : आमच्या खोलीत. ह्या गाढवानं ते माझे समजून माझ्या थैलीत भरले. शहरात जाऊन उघडली तेव्हा कळलं.

प्रोकोप : भिजलेले होते. मी म्हटलंसुद्धा, नेस्टरला एवढा घाम!

ओरिसिया : कशावरून यूर्कोचे?

नेस्टर : डाव्या पॅडला घोड्याच्या लगामाचा पट्टा शिवलाय. तुझ्या वडिलांच्या हातचा टाका मला कळतो.

ओरिसिया : आणि तू ते घातलेस?

नेस्टर : पहिल्या दिवशी दुसरे नव्हतेच, माझे डॉक्टरांकडे राहिले होते. घातले. एक गोल गेला नाही. मग ते सोडायची छाती झाली नाही. नंतर नवे दिले, मुखवटा आला, सगळं आलं. पण पॅड तेच. गडी हसायचे.

प्रोकोप : आम्ही रेडिओवर ऐकायचो, 'नेस्टरची भिंत, नेस्टरची भिंत.'

नेस्टर : काही दिवस मी खेळायचो. तेव्हा गोल जायचे, अडायचे, शिव्या द्यायचो, घसा बसायचा. आणि काही दिवस... तोंडातून शब्द निघायचा नाही. हात आधी जायचा, मग पक दिसायचा. त्या दिवशी पायाखाली पाणी असायचं. बर्फ सांभाळणारे माझ्यावर खेकसायचे, काय सांडतोस म्हणून. दुसऱ्या सकाळी पेपरात माझा फोटो.

ओरिसिया : असं किती वेळा?

नेस्टर : मोजलं नाही. मोजलं असतं तर माझं म्हणून काय उरलं असतं? मला वाटायचं तो माझ्यावर रागावून येतो. मी त्याला मारलं म्हणून.

ओरिसिया : कुठेत ते?

नेस्टर : काय?

ओरिसिया : पॅड, नेस्टर.

नेस्टर : तळघरात. बटाट्यांच्या मागे.

ओरिसिया : आण वर.

प्रोकोप : कशाला, कूमा? उद्या बघू. समारंभ होऊ दे.

ओरिसिया : तू पिरोही खा. जा, नेस्टर. आण.

प्रोकोप : ओरिसिया, मी चर्चमध्ये घंटा वाजवणारा माणूस. मला असलं काही दाखवू नकोस.

ओरिसिया : माझा भाऊ आहे तो. असलं काही म्हणू नकोस त्याला.

नेस्टर : हे घे. जड आहेत. सांभाळ.

ओरिसिया : हा लगामाचा पट्टा. हो. आमच्या तांबड्या घोडीचा. हात लावून बघ, प्रोकोप.

प्रोकोप : नको.

ओरिसिया : लाव म्हणते ना.

प्रोकोप : ओले आहेत. आताच पाण्यातून काढल्यासारखे. तळघरात ओल असते म्हणा.

ओरिसिया : माझ्या तळघरात? बटाटे कोरडे, पोती कोरडी, पिठाला कधी गाठ धरली नाही. टेबलावरून थेंब खाली पडताहेत, बघ.

नेस्टर : मी तीन वेळा चुलीशी वाळवले. वाळत नाहीत.

ओरिसिया : प्रोकोप, मला एक सांग. खरं सांग, माइकवरचं नको. कसा खेळला तो?

प्रोकोप : कसा म्हणजे... कूमा, मी पुष्कळ गोली पाहिले. ते पकला घाबरतात किंवा पकवर चिडतात. तो तसा नव्हता. सावकाश. घरचं काम करावं तसा. पक यायचा आणि त्याच्या हातात जाऊन बसायचा, पाखरू बसतं तसा. समोरच्यांचा एक दांडगा होता, तो शेवटी शेवटी गोलाजवळ जायलाच तयार नव्हता. म्हणाला, तिथे थंड आहे. बर्फावर उभा राहून म्हणाला, तिथे थंड आहे.

ओरिसिया : आणि भोंगा वाजल्यावर?

प्रोकोप : आम्ही एकमेकांच्या अंगावर पडलो. तो तसाच उभा. वर लोकांत बघत होता, राखीव गोली बसायचा त्या जागेकडे. मग बर्फाचा चुरा टाकायचं मागचं दार आहे ना, त्यातून बाहेर गेला. मला वाटलं, डॉक्टरांकडे.

ओरिसिया : म्हणजे त्याला बोलावलं शेवटी.

नेस्टर : हो.

ओरिसिया : आई बिचारी म्हणत गेली, पोरगं पाच वर्षं बसून राहिलं आणि एक दिवस खेळलं नाही. मीही तेच म्हणत आले. तू रागावलेला समजत होतास त्याला. तो रागावलेला नव्हता रे. त्याला आणखी खेळायचं होतं, एवढंच.

नेस्टर : मी ती जर्सी घेणार नाही, ओरिसिया. आता तर नाहीच.

ओरिसिया : घ्यायची. दात कुणाचे पडले? कंबर कुणाची मोडली? ज्या दिवशी गोल गेले त्या दिवशी लोकांच्या शिव्या कुणी खाल्ल्या? ते तुझंच आहे, त्यात यूर्को वाटेकरी नाही. पण तिसरा भाग त्याचा. प्रोकोप, उद्या तेवढं नाव घ्यायचं.

प्रोकोप : माइकवर? सगळ्या गावासमोर? वेड्यात काढतील मला!

ओरिसिया : आता काय शहाण्यात धरतात?

प्रोकोप : कूमा, काय बोलू मी? बुडालेला माणूस येऊन खेळला, असं?

ओरिसिया : एवढंच म्हण : तिसऱ्या भागात गोलात यूर्को होता. त्यापुढे एक शब्द नको. तुला ते जड जाणार आहे, मला माहितीय.

नेस्टर : तू म्हणशील, प्रोकोप?

प्रोकोप : म्हणतो. आण ती पेन्सिल. आणि ते पॅड तेवढे टेबलावरून काढा रे, बाबांनो.

(नऊ वर्षांनंतर. विनिपेग शहरात प्रोकोपच्या लेकीचं घर. ओरिसिया त्याला भेटायला आली आहे.)

प्रोकोप : कोण? थांब, सांगू नकोस. चालण्यात घाई आहे. ओरिसिया.

ओरिसिया : डोळे गेले तरी चौकशा काही थांबल्या नाहीत तुझ्या.

प्रोकोप : कान आहेत अजून. बस. नेस्टरच्या मातीला येता आलं नाही, त्याच आठवड्यात डोळे कापले माझे. मनाला लागून राहिलंय. गाव कसं आहे?

ओरिसिया : गाव आहे कुठे? खाण मिटली. मग रिंकचं छप्पर बर्फानं बसलं, ते कुणी उचललं नाही. जर्सी शाळेत नेऊन लावलीय. आणि लोक अजून सांगतात, प्रोकोप म्हातारा झाला होता, माइकवर दोन नावांची गल्लत केली.

प्रोकोप : सांगू देत. मी आयुष्यात एकदाच थोडक्यात बोललो आणि तेच चुकलं म्हणतात. कुणी हसलं मात्र नव्हतं.

ओरिसिया : नव्हतं.

प्रोकोप : आणि ते... त्याचं सामान?

ओरिसिया : बर्फ वितळल्यावर यूर्कोजवळ पुरलं. नेस्टरनंच खणलं, कंबर धरून. दगडावर नावाखाली 'गोलकीपर' कोरून घेतलं. आईनं बघायला हवं होतं.

प्रोकोप : तू एकटीच आता?

ओरिसिया : लेक म्हणते इकडे ये. येईन पुढच्या हिवाळ्याआधी. लाकडं संपली की. अजून त्यानं फोडलेलीच जाळतेय.

प्रोकोप : शेवटी त्रास झाला का त्याला?

ओरिसिया : नाही. जेवण करून आडवा झाला, तो झालाच. पण मधली वर्षं बरी गेली त्याची. घोरायला लागला पुन्हा. एकदा तर गोठलेल्या तळ्यावर पोरं खेळत होती, त्यांना गोली नव्हता. हा जाऊन उभा राहिला. त्या कंबरेनं! कुणाचे तरी पॅड मागून घेतले, आखूड होते.

प्रोकोप : देवा. आणि?

ओरिसिया : आणि काय, एकही अडेना. पोरं धडाधड मारताहेत, हा शिव्या देतोय, घसा बसेपर्यंत. घरी आला तो ओठ निळे, बूटसुद्धा काढले नाहीत. दारातच उभा राहून हसत होता. म्हणाला, 'ओरिसिया, आज गेले ते सगळे माझे.'